आधी थांबवायला शिकलो : ट्रकचालकीच्या पहिल्या वर्षाचा अनुभव

ट्रकचालक व्हायचे ठरवले तेव्हा मी 22 वर्षांचा होतो आणि ट्रक म्हणजे थोडी मोठी मोटार, एवढीच माझी समजूत होती. दृष्टितपासणी, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि लेखी परीक्षा हे टप्पे फारसा त्रास न देता पार पडले. त्यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. खरे शिक्षण सुरू झाले ते पहिल्याच सकाळी, जेव्हा प्रशिक्षकांनी किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली आणि मला गाडीभोवती फेरी मारायला सांगितले.

चाकांचे नट, टायरच्या कडेच्या चिरा, जोडचाकांच्या फटीत अडकलेला दगड, इंजिनाखालचे तेलाचे ठिपके, दिवे, ट्रेलरच्या जोडणीचा खटका, हवेच्या नळ्या, असे एकेक पाहत जायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एका नटाखालून गंजाची तांबूस रेघ ओघळलेली दिसली, ती मी धूळ समजून पुढे गेलो. प्रशिक्षकांनी हाताला धरून मागे आणले आणि पाना लावून दाखवला : नट ढिला होता. त्यानंतर अशी रेघ माझ्या नजरेतून सुटलेली नाही.

मग आला हवेचा ब्रेक. मोटारीत पायाचा दाब द्रवामार्फत चाकापर्यंत पोहोचतो. ट्रकमध्ये कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो आणि पेडल फक्त त्या हवेला वाट करून देते. आमच्या गाडीत दाब 7 ते 8 बारपर्यंत चढल्याशिवाय निघायचे नाही, असा दंडक होता. पार्किंग ब्रेक हवेने लागत नाही, तो स्प्रिंगने लागतो आणि हवेने सुटतो, हे कळायला मला वेळ लागला. त्यामुळे हवा पूर्ण गळाली, तर गाडी मोकळी सुटत नाही, जागच्या जागी जखडते. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी 1869 मध्ये रेल्वेसाठी हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले आणि काही वर्षांतच दाब गेला की ब्रेक आपोआप लागावा अशी सुधारणाही केली; ट्रकमधली योजना त्याच विचाराची आहे. मात्र पेडल दाबल्यावर हवा मागच्या चाकांपर्यंत पोहोचायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्यात गाडी काही मीटर पुढे गेलेली असते. मोटारीच्या सवयीने मी पुढच्या वाहनाला चिकटत असे, ती सवय मोडण्यातच एक महिना गेला.

रिकामा ट्रक लवकर थांबेल, हाही माझा भ्रम निघाला. ब्रेक आणि स्प्रिंगा भरलेल्या गाडीच्या हिशेबाने केलेल्या असतात. रिकामी गाडी उसळते, चाके पकड सोडतात आणि ओल्या रस्त्यावर ती भरलेल्या गाडीहून अधिक अंतर खाऊ शकते.

सर्वांत जास्त घाम काढला तो उताराने. उतार लागण्यापूर्वीच खालच्या गिअरवर यायचे, इंजिन ब्रेकने, म्हणजे इंजिनाच्याच अवरोधाने, वेग धरून ठेवायचा आणि पायाचा ब्रेक अधूनमधून ठामपणे लावून सोडून द्यायचा, हे मला तोंडपाठ होते. तरीही पहिल्या लांब उतारावर मी वरचाच गिअर ठेवला आणि ब्रेकवर पाय टेकवून बसलो. थोड्याच वेळात जळका वास आला आणि पेडल दाबूनही वेग पूर्वीसारखा उतरेना. ड्रम, म्हणजे ब्रेक ज्यावर घासतो ते चाकातले भांडे, तापून फुगतो, घर्षण घटते, हे वर्गात ऐकलेले वाक्य तळपायाला जाणवले. प्रशिक्षक शेजारी होते म्हणून वेळेवर बाजूला घेतले. ते रागावले नाहीत, चाके निवेपर्यंत आम्ही तिथेच बसलो आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला : "गिअर कधी बदलायचा होता?"

ट्रेलर मागे घेणे हा वेगळाच छळ आहे. मागचा भाग डावीकडे न्यायचा असेल, तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावे लागते आणि ट्रेलरने वळण पकडले की लगेच स्टिअरिंग उलट फिरवून त्याच्या मागे जावे लागते. अंदाज चुकला की पुन्हा पुढे जाऊन सुरुवात करायची, त्यात कमीपणा मानायचा नाही. शंका आली तर खाली उतरून डोळ्यांनी पाहायचे. मला उतरण्याची लाज वाटायची आणि त्या लाजेपायी एक खांब वाकला.

परवाना मिळाल्यावर काही महिने अनुभवी चालकाबरोबर फेऱ्या केल्या. त्यांच्याकडून शिकलो ते मुख्यतः झोपेविषयी. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, म्हणजे तीन सेकंदांच्या डुलकीत 66 मीटर गाडी कोणीच चालवत नसते. पहाटे दोन ते चारच्या सुमारास शरीर स्वतःहून मंदावते, तेव्हा खिडकी उघडणे, गाणी लावणे हे सगळे मनाचे समाधान आहे. उपाय एकच, गाडी लावून झोपणे. नवख्या चालकावर मात्र वेळेत पोहोचण्याचा दबाव असतो आणि "थांबतो आहे" असे फोनवर सांगणे त्याला नापास होण्यासारखे वाटते. माझ्या मते प्रशिक्षणात हे वाक्य उच्चारण्याचाही सराव असायला हवा.

पहिली एकट्याची फेरी काहीच न घडता पार पडली. निघण्यापूर्वी मालाचे पट्टे ताणले आणि थोडे अंतर गेल्यावर थांबून पुन्हा तपासले, कारण हादऱ्यांनी माल बसतो आणि पट्टे सैल पडतात. दोन पट्टे खरोखरच सैल झाले होते. पोहोचल्यावर माल उतरवायला सहा तास थांबावे लागले. पार्किंग ब्रेक ओढला, चाकांना अडण्या लावल्या, आणि झोपण्यापूर्वी मी गाडीभोवती आणखी एक फेरी मारून आलो.