तेवढं एक करून द्या

आमच्या धंद्यात काम अखंड असं कधी येतच नाही. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानाचा फोटो येतो, तोही आडवा. त्याखाली ‘नमस्कार ताई’. दुपारी आवाजी निरोप येतो, त्यात निम्मा वेळ कुकरच्या शिट्ट्या. संध्याकाळी भलत्याच नंबरवरून ‘काकांनी लोगो पाठवायला सांगितलाय’. आणि रात्री साडेदहाला, ‘झालं का?’ हे सगळे तुकडे एकाच कामाचे आहेत हे काकांना पक्कं ठाऊक असतं. मला ते जुळवून बघावं लागतं.

नारायण पेठेत डीटीपी आणि डिझाइनचं माझं छोटं ऑफिस आहे. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, पावतीपुस्तकं, क्लासची माहितीपत्रकं, दिवाळी अंकाची पानं, अधूनमधून कुणाची पंचाहत्तरी. लोकांना वाटतं, आमचा दिवस रंग आणि अक्षरं बघण्यात जात असेल. बराचसा जातो आलेलं मॅटर जागेवर लावण्यात. व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेल्या फोटोचं नाव काय, तर ‘आयएमजी’, पुढे तारखेचे आठ आकडे, पुढे ‘डब्ल्यूए’ आणि एक क्रमांक. नवरीचा फोटो असो की काजुकतलीचा, व्हॉट्सअ‍ॅपला सगळे सारखे. शिवाय तो दाबून बारीक केलेला असतो, छपाईला चालत नाही. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ हे मी आता झोपेतही म्हणत असेन.

फोल्डर उघडायचं तर आधी काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते ठरवावं लागतं. गिऱ्हाइकाचं आणि माझं बिनसतं ते इथेच. एक मिठाईवाले काका आहेत. त्यांनी खोक्याचं डिझाइन करायला दिलं. मग ‘तेवढं एक करून द्या’ म्हणून दरपत्रक आलं. मग दुकानाच्या वर्धापनदिनाचं हँडबिल, आणि त्याच्या पाठोपाठ नातवाच्या मुंजीची पत्रिका. काकांच्या लेखी हे सगळं मिळून ‘आमचं काम’. सगळं एका फोल्डरात टाकलं की बिलातही ते एकच होतं आणि ‘तेवढं एक’ फुकटात जातं. म्हणून माझा नियम असा, की ज्याला स्वतःची तारीख आहे त्याला स्वतःचं फोल्डर. खोक्यावरचा फोन नंबर बदलला तर ते करेक्शन, जुन्याच फोल्डरात जाईल. मुंजीला मुहूर्त आहे, ती वेगळी. फोल्डर झालं की जॉब नंबर पडतो आणि जॉब नंबर पडला की बिल निघतं. हा नियम काकांना मी कधी सांगितलेला नाही. पण बिलावर मुंजीची ओळ वेगळी दिसली की ते चष्मा काढून एकदा माझ्याकडे बघतात, पुन्हा लावून बिलाकडे बघतात आणि पैसे देतात.

माझ्या आधी ज्यांनी हा धंदा केला त्यांना नाव द्यायला जागाच नव्हती. विंडोज ९५ येईपर्यंत फाइलचं नाव आठ अक्षरांत बसवायचं, मग टिंब आणि पुढे तीन अक्षरं. पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या फायली ‘लग्न१’, ‘लग्न२’, त्याही रोमन लिपीत. कुणाचं लग्न, ते ऑपरेटरच्या डोक्यात. खरं फोल्डर म्हणजे खाकी पाकीट. आत बटर पेपरवरचं प्रिंट, छपाईची पॉझिटिव्ह फिल्म, लाल शाईनं रंगलेलं प्रूफ, आणि पाकिटावर स्केचपेननं गिऱ्हाइकाचं नाव. आता नाव २५५ अक्षरांपर्यंत लांबवता येतं. आमच्याकडे त्यात ‘फायनल’ या शब्दाला बंदी आहे. प्रूफ १, प्रूफ २, प्रूफ ७, आणि सगळ्यांत मोठा आकडा प्रेसला जातो. आपलं काम फायनल झालं असं गिऱ्हाइकाला छपाईची प्लेट निघाल्यावरही वाटत नाही, तर आपण कशाला लिहा?

वर्षावर लावावं म्हटलं, तर कुठलं वर्ष? सीए एप्रिल ते मार्च धरतात, जीएसटीची बिलं त्याच हिशेबानं लागतात. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि मार्चची रेघ बिनदिक्कत ओलांडून आषाढाच्या तोंडाशी जाते. दिवाळी अंकांचा धंदा १९०९ सालापासूनचा, पण मॅटर अजूनही भर पावसाळ्यात येतं आणि मुखपृष्ठ ठरतं नवरात्रात. महिन्यांची फोल्डरं करणाऱ्याला गणपती तर अजिबात दाद देत नाही. २०२३ साली अधिक श्रावण होता, गणपती १९ सप्टेंबरला बसले. २०२४ साली ७ सप्टेंबरला. २०२५ साली थेट २७ ऑगस्टला. मंडळाचा कार्यकर्ता ‘गेल्या गणपतीचं बॅनर’ म्हणतो. ‘गेल्या सप्टेंबरचं’ म्हणणारा कार्यकर्ता मला अजून भेटायचाय. म्हणून माझ्याकडे ‘२०२५ गणपती’, ‘२०२५ दिवाळी’, ‘२०२५-२६ लग्नं’ अशी फोल्डरं आहेत. सीएंना काय हवं ते बिलांच्या फोल्डरात मिळतं, त्यांनी इकडे यायचं कारण नाही.

आतल्या फोल्डरांना तारीख लागते, आणि ती उलटी लिहावी लागते. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आपल्या सवयीप्रमाणे तिरप्या रेघा मारून लिहिली तर विंडोज ते नाव घेतच नाही. ही उलटी तारीख आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचं मला फारसं कौतुक नाही, पण तशी लिहिली की फोल्डरं आपोआप ओळीत उभी राहतात, याचं आहे.

काम चालू असताना फोल्डर कसंही असलं तरी भागतं, तेव्हा सगळं डोक्यात असतं. खरी परीक्षा तीन-चार वर्षांनी होते. फोन वाजतो आणि पलीकडून आवाज येतो, ‘ताई, धाकटीच्या वेळी केली होती तशीच पत्रिका करा.’ साल त्यांना आठवत नाही. हळदीच्या दिवशी वळीव आला आणि मांडव उडाला, एवढं मात्र सविस्तर आठवतं. दुसरे कुणी ‘ते आपलं निळं कार्ड’ म्हणतात. शाळेचे सर म्हणतात, ‘जुन्या बाई असतानाचं माहितीपत्रक’. कागदाचा साइझ, सॉफ्टवेअर, जॉब नंबर या सगळ्या माझ्या खुणा, त्यातली एकही त्यांच्या तोंडी येत नाही. मग मीच नावात त्यांचे शब्द घालायला लागले. ‘२०२२-०५-१५ पत्रिका धाकटी निळी वळीव’. आयटीतल्या माझ्या भावाला असली नावं बघवत नाहीत. त्याच्याकडे मांडव उडालेले लोक फोन करत नाहीत.

पुण्यात बसून कागद लावायचे तर पेशवे दप्तराची आठवण होणारच. इथल्या पुराभिलेखागारात त्याचे हजारो रुमाल आहेत, मोडी कागदांचे कापडात बांधलेले गठ्ठे. पेशव्यांच्या हुजूर दप्तरात ‘चालते दप्तर’ आणि ‘एकबेरीज दप्तर’ असे दोन मोठे विभाग होते. एकात चालू कारभार, दुसऱ्यात सगळ्या खात्यांचे हिशेब येऊन एकत्र लागायचे. माझ्या संगणकावरही ‘चालू’ आणि ‘झालेलं’ अशी दोनच मोठी खाती आहेत. प्रेसमधून माल गेला म्हणून काम ‘झालेलं’मध्ये जात नाही, पैसे आले की जातं, आणि त्यामुळे ‘चालू’मध्ये काही अतिशय जुनी कामं आहेत. इतिहासकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्या रुमालांतले निवडक कागद ४५ खंडांत छापले गेले. माझ्या ‘झालेलं’मधून कुणी निवडक काढायला बसलं, तर बहुतेक एकच गणपती त्याला निरनिराळ्या रंगांत भेटेल.

माझ्याकडे मदतीला असलेल्या मुलाला हा सगळा खटाटोप वाटतो. ‘ताई, फोल्डर कशाला? सर्च मारायचा.’ इंग्रजीपुरतं त्याचं खरं आहे. आमच्या जुन्या फायली श्रीलिपीतल्या, काही कृतिदेवमधल्या, म्हणजे युनिकोड (मराठी अक्षराला संगणकात स्वतःचा कोड देणारी पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टांतल्या. पडद्यावर शुद्ध मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट काढून घेतला की ‘शुभविवाह’च्या जागी त्या अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उरते. संगणकाला ‘शुभविवाह’ शोध म्हटलं तर तो तरी काय शोधणार? प्रेसला जाणारी फाइल तर कर्व्ह केलेली असते, तिच्यात अक्षर उरतच नाही, नुसते आकार. म्हणून प्रत्येक कामात ‘आलेलं’, ‘प्रूफ’, ‘प्रेसला’ यांच्या जोडीला ‘फॉन्ट’ असा एक कप्पा असतो. इनडिझाइनमध्ये पॅकेज केलं की फॉन्ट आणि चित्रं आपोआप एका जागी येतात, कोरलच्या जुन्या फायलींना ते लाड हातानं करावे लागतात. एवढं करूनही, संगणकाला वाचता येईल असं मराठी त्या सगळ्या पसाऱ्यात एकाच ठिकाणी असतं, फोल्डरच्या नावात.

हे मी त्याला बऱ्यापैकी तावातावानं समजावलं. त्याला पटलंही. फक्त फोल्डरांना नावं देण्याचं काम आता तोच करतो, आणि त्याचे ऱ्हस्व-दीर्घ त्याच्या मनाला येतील तसे असतात. परवा एका सोसायटीचे सेक्रेटरी फोनवर होते, त्यांना जुनं भूमिपूजनाचं निमंत्रण हवं होतं. मी ‘भूमिपूजन’ टाइप केलं, काही निघालं नाही. पुन्हा केलं, नाही. तो शेजारून वाकला, कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि ‘भुमीपुजन’ असं घातलं. फोल्डर समोर.

‘बघा ताई,’ तो म्हणाला, ‘सर्च चालतो.’