कॉलर्डची कचकच

अटलांटात कुणालाही कॉलर्ड ग्रीन्स या पालेभाजीची कृती विचारा, माणूस थेट मांसावर येतो. डुकराचा धुरी दिलेला हॉक, म्हणजे घोट्याजवळचा तुकडा, घाल, नाहीतर टर्कीचा पाय घाल, मंद आचेवर ठेव, झालं. पानांबद्दल एवढंच, "नीट धुऊन घे." त्या "नीट"वर माझा अजून राग आहे. शिजवण्यात काही नाही, ते काम गॅस करतो. धुणं आपल्यालाच करावं लागतं आणि तेच कुणी धड सांगत नाही.

सुरुवातीला मी दुकानातली चिरलेल्या पानांची पिशवी आणली. पिशवीवर ठळक अक्षरांत: तीनदा धुतलेली, थेट वापरा. टर्कीचा पाय उकळून पाणी सुरेख झालं होतं, घरभर खमंग वास, आणि पहिल्याच घासाला दाताखाली कच्. दुसऱ्यालाही कच्. नवरा काही न बोलता चावत राहिला, ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी उरलेली पिशवी घेऊन दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने ती उलटीसुलटी करून वाचली आणि म्हणाला, "धुतलेली आहे, इथे लिहिलंय." वाळू दाखवली, तर म्हणे उघडलेली पिशवी परत घेत नाही. न उघडता आतली वाळू कशी दिसणार, असं विचारल्यावर त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने पुन्हा पिशवी वाचली. पैसे मिळाले नाहीत ते नाहीतच, वर एक कूपन मिळालं. त्याच पिशवीवर सवलतीचं.

तेव्हापासून फक्त जुडी. जुडीला माती जास्त असते, पण निदान ती दिसते. कॉलर्ड कोबीच्याच कुळातलं, फक्त गड्डा धरत नाही. पान ताटलीएवढं, जाड, वरून मेणाचा थर. पावसात जमिनीवरची वाळू उडून पानाच्या खालच्या अंगाला बसते आणि मधल्या शिरेच्या कडेने अडकून राहते. मेणामुळे नळाचं पाणी थेंब होऊन घरंगळून जातं, वाळू जागच्या जागी. चाळणीत घालून वरून पाणी सोडलं की आपल्याला वाटतं, धुतलं.

शेवटी शेजारच्या आजींनी माझं सिंक ताब्यात घेतलं. त्या मूळच्या दक्षिण जॉर्जियाच्या, कॉलर्ड त्यांच्या परसात असायचं. मी "येस, मॅम" म्हणून बाजूला झाले. त्यांनी आधी प्रत्येक पान दांड्यावरून ओरबाडून काढलं: एका हाताने देठ धरायचा, दुसऱ्या हाताने पान खालून वर सर्रकन ओढायचं. शीर गेली की निम्मी माती तिच्याबरोबर जाते, म्हणून हे धुण्याच्या आधी. मग सिंकला बूच लावून काठोकाठ कोमट पाणी, त्यात मूठभर मीठ, पानाखाली मावा असेल तर सुटतो म्हणून. पानं बुडवून ठेवली आणि प्रत्येकाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. मी बूच काढायला हात घातला, तर माझं मनगट धरलं. पाणी आधी सोडलं तर तळाशी बसलेली वाळू पुन्हा पानांवरच येऊन बसते. पानं पाण्यातून वर उचलायची, बाजूच्या पातेल्यात ठेवायची, मगच बूच. मग त्यांनी सिंकच्या तळावरून तळहात फिरवला आणि मलाही फिरवायला लावला. हाताला टोचतंय तोवर पुन्हा पाणी भरायचं, पुन्हा बुडवायचं. किती वेळा, असं मी विचारलं. "हाताला विचार," म्हणाल्या. अर्धी दुपार गेली. पण त्या दिवसानंतर आमच्या घरात कच् ऐकू आलेलं नाही, आणि हे मी येईल त्या पाहुण्याला सांगते.

पुढचं सगळं सोपं. पानं एकावर एक ठेवून अळूवडीसारखी गुंडाळी करायची आणि बोटभर रुंद कापायची. मोठ्या पातेल्यात थोड्या तेलावर कांदा, लसूण, सुक्या लाल मिरचीचा चुरा. त्यावर टर्कीचा पाय आणि दोनेक लिटर पाणी, तासभर उकळू द्यायचं. मग पानं मुठीमुठीने घालायची. दोन जुड्या सुरुवातीला मावणारच नाहीत असं वाटतं, दहा मिनिटांत पाव होतात. झाकण ठेवून पाऊण ते दीड तास. खिडकी उघडी ठेवा, कोबीचा तो उग्र वास येतोच.

मीठ शेवटी चाखून, कारण धुरी दिलेली टर्की आधीच खारट असते. सासूबाई सांगलीहून आल्या की मांस वगळते आणि धुरी दिलेल्या पाप्रिकाचा (लाल मिरचीच्या पुडीचा) एक चमचा, जरा जास्त तेल घेऊन, परतते. त्या वाटीभर जास्त घेतात.

जुडी घेताना हिवाळ्यातली घ्या. दव गोठायला लागलं की पानात साखर वाढते, कडवटपणा उतरतो. मात्र ३१ डिसेंबरला बाजारात जाऊ नका. नवीन वर्षाच्या दिवशी इथे घरोघरी चवळी, कॉर्नब्रेड आणि ही भाजी लागते. हिरवं पान म्हणजे नोटा, वर्षभर पैसा खेळतो म्हणे. उरतात त्या पिवळ्या जुड्या. दोन दिवस आधी आणून ठेवा, फ्रिजमध्ये टिकतात.

भाजीचं पाणी ओतू नका. त्याला इथे पॉटलिकर म्हणतात, आणि खरी चव त्यातच असते. १९३१ मध्ये लुइझियानाचे तेव्हाचे गव्हर्नर ह्युई लाँग आणि अटलांटाच्या एका वर्तमानपत्राचे संपादक यांच्यात यावर जाहीर वाद रंगला होता: मक्याची भाकर (कॉर्नब्रेड) त्यात बुडवून खायची की कुस्करून? लाँग बुडवणारे. आमच्या घरात भाकरी कुस्करून खाल्ली जाते, तेव्हा मी अटलांटाच्या बाजूने.

व्हिनेगर राहिलंच. ॲपल सायडर व्हिनेगर चमचा-दोन चमचे, गॅस बंद केल्यावर. आधी घातलं तर पान मऊ व्हायला उगाच वेळ लागतो आणि रंगही मळकट होतो. मिरच्या घालून मुरवलेल्या व्हिनेगरची बाटली टेबलावर ठेवली तर ज्याला हवं तो घेईल.