३ वेटची काडी, एक पूर्ण सीझन

फ्लाय फिशिंगच्या (पिसं-दोऱ्याच्या नकली किड्यानं, म्हणजे फ्लायनं, मासे धरायच्या) सीझनच्या सुरुवातीला ठरवलं होतं की ९ फुटी ५ वेट रॉड (वेट म्हणजे तो किती जड लाईनसाठी आहे त्याचा नंबर) कपाटात ठेवायचा आणि ट्राऊट असो की दुसरा कुठला मासा, सगळं ७ फूट ६ इंची ३ वेटवरच करायचं. नव्याचे नऊ दिवस होतील असं मलाच वाटलेलं, पण टिकलं. घरात रॉड जोडून दाखवला तेव्हा "ही काडी? हिनं मासा निघणार?" हे ऐकून घेतलं आणि खरं सांगायचं तर तीच शंका माझ्याही पोटात होती. आता सीझन संपत आलाय तर सांगतो, शंका अगदीच खोटी नव्हती, पण मी चुकीच्या गोष्टीला घाबरत होतो. मासा मोठा लागला एवढ्यावरून ह्या रॉडनं मला कधी अडवलं नाही. अडवलं ते वाऱ्यानं, जड फ्लायनं आणि एकदा लव्हाळ्यानं.

आधी लाईनची (फ्लाय पुढं नेणाऱ्या जाड दोरीची) भानगड. पहिले दोन आठवडे कास्ट (रॉड मागंपुढं नेऊन लाईन फेकणं) म्हणून होईना, रॉड लगदा वाटायचा, टीप ओझ्यानं झुकल्यासारखी, आणि मी आपला रॉडला शिव्या घालतोय. मग एक दिवस सहज लाईन तोलायचं सुचलं. वेट नंबर म्हणजे लाईनच्या पुढच्या ३० फुटांचं (९.१ मीटर) वजन, अगदी टोकाचा सरळ बारीक तुकडा सोडून, आणि ते ग्रेनमध्ये धरतात. ३ वेटला १०० ग्रेन, ४ ला १२०, ५ ला १४०. ग्रॅममध्ये सांगायचं तर ३ वेट जेमतेम साडेसहा ग्रॅम आणि ५ वेट नऊच्या आसपास, म्हणजे आपण सगळे जे काही फेकतो ते एवढंसंच. सोनं तोलायचा असतो तसल्या छोट्या डिजिटल काट्यावर त्या ३० फुटांची गुंडाळी ठेवली तर ७.६ ग्रॅम! म्हणजे ११७ ग्रेन. डबीवर ३ आणि आत जवळजवळ ४. हल्ली बऱ्याच लायनी अशा मुद्दाम जड काढतात, कडक फास्ट रॉड त्यानं पटकन लोड होतात (वाकून ताण धरतात) म्हणून, पण माझा रॉड मुळात मधून वाकणारा, त्याला हे ओझं कशाला. खरोखर ३ वेट भरणारी डबल टेपर (दोन्ही टोकांना सारखीच निमुळती लाईन) आणून लावली आणि रॉड बदलून आणल्यासारखा वाटला. डबल टेपर एक टोक झिजलं की उलटी करून वापरता येते, आणि मी १०-१२ मीटरच्या पुढं क्वचितच टाकतो, तेवढ्यात वेट फॉरवर्डनं (वजन पुढच्या भागात असलेल्या लाईननं) वेगळं काय मिळणार. काटा असेल तर एकदा तोलून बघाच.

मग गवतावरची प्रॅक्टिस. फ्लायच्या जागी लोकरीचा लाल तुकडा, रोज वीस मिनिटं, त्यापेक्षा जास्त केलं की हात दमतो आणि दमलेला हात चुकाच पक्क्या करतो. ५ वेटवर माझी सवय होती ती घाईची, बॅककास्ट, म्हणजे मागं फेकलेली लाईन, सरळ व्हायच्या आत पुढं ढकलायचं. त्या रॉडनं ते खपवून घेतलं, ह्यानं नाही घेतलं. हा रॉड हळू वाकतो, हळू सुटतो, त्याच्या तालावर थांबावं लागतं, आणि लाईन जितकी जास्त बाहेर तितकं जास्त थांबायचं, हात पण तितका जास्त लांबून न्यायचा. मान वळवून बॅककास्ट बघायला लागलो तेव्हा लाज वाटली अक्षरशः, मागं लाईन नव्हतीच, नुसता चिखल.

दुसरा त्रास टेलिंग लूपचा (लूप म्हणजे हवेतल्या लाईनचा वळसा). वरची लाईन खाली पडून खालच्या लायनीला छेदते आणि लीडरमध्ये (लाईनच्या पुढच्या बारीक दोऱ्यात) ती बारकी गाठ बसते, जिला आपण वाऱ्याची गाठ म्हणतो. वाऱ्याचा काही संबंध नाही हो, ती आपल्याच हाताची गाठ आहे. सुरुवातीलाच एकदम झटका दिला की रॉडची टीप सरळ रेषेत जायच्या ऐवजी मध्येच खाली दबते आणि तिच्या मागोमाग लाईन. उपाय एकच, हळू सुरू करायचं, वेग वाढवत न्यायचं आणि एकदम थांबायचं, ब्रशवरचा रंग शिंपडायला झटकतो तसं. एक अनुभवी काका गवतावर माझ्याकडं बघत उभे होते, ते एवढंच म्हणाले, "अरे, जोर शेवटी काढ, आधी काय भांडतोयस त्याच्याशी." तीन आठवड्यांची प्रॅक्टिस एका वाक्यात. आणि ती गाठ दिसली की टिपेट (लीडरचा टोकाचा सगळ्यात बारीक दोरा) बदलाच, साध्या गाठीनं दोऱ्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते, मी आळसानं दोन मासे असेच घालवलेत.

नदीवर पहिल्यांदा गेलो तेव्हा पाणी १२ अंश, खळाळाच्या शेवटी जिथं डोह सुरू होतो तिथं ट्राऊट वर येऊन काहीतरी टिपत होते. १६ नंबरची ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी), ५एक्स टिपेट. (ज्यांना एक्सचा घोळ होतो त्यांच्यासाठी, ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, उरेल तेवढे हजारांश इंच जाडी. ५एक्स म्हणजे ०.००६ इंच, ०.१५ मिमी. आणि फ्लायच्या नंबराला ३ नं भागलं की साधारण कुठला एक्स लावायचा ते येतं.) इथं मात्र ह्या काडीची खरी मजा कळली. ९ मीटरवर लाईन पाण्यावर पडते ती आवाज न करता, ५ वेटला माझ्या हातून कायम चापट बसायची. पहिला मासा २२ सेंटीमीटरचा ब्राऊन ट्राऊट, आणि त्यानं रॉड मुठीपर्यंत वाकवला! ५ वेटवर हाच मासा मी न बघता ओढून घेतला असता. त्या दिवशी सात लागले, चार हातात आले, बाकीचे तीन मी घाईनं स्ट्राईक (गळ रुतवायचा झटका) करून तोंडातून काढून घेतले. मऊ रॉडमुळे स्ट्राईक जरा उशिरा पोचतो म्हणून मी मुद्दाम लवकर मारत होतो, पण ड्राय फ्लायवर तो उशीरच कामाला येतो, मासा फ्लाय घेऊन खाली वळेपर्यंत गप्प बसायचं.

वाऱ्याबद्दल जास्त लिहीत नाही. समोरून वारा असला की ३ वेटनं घरी बसावं. लूप अरुंद करून, पुढचा कास्ट पाण्याकडं दाबून थोडंफार जमतं, रोल कास्टनं (लाईन मागं न फेकता टाकून) पण भागतं, पण ती मजा नाही, कुस्ती आहे.

टंगस्टन मण्याची निम्फ (पाण्याखाली बुडणारी फ्लाय) हे दुसरं दुखणं. सव्वातीन मिमीचा मणी लावला की लाईन फ्लायला न्यायच्या ऐवजी फ्लायच लाईनला ओढायला लागते, आणि एकदा ती फाडकन रॉडवर आपटली. सुदैवानं चरा नाही पडला, कार्बनच्या रॉडला असा टोला नंतर भोवतो, आज काही दिसत नाही आणि महिन्यानं मासा ओढताना तिथंच तुटतो. त्यानंतर मी ओव्हल कास्ट शिकलो, मागं आडवा न्यायचा आणि पुढं डोक्यावरून आणायचा, मध्ये न थांबता, लाईन सतत ताणलेली राहते आणि मणी डोक्यापासून लांब फिरतो. तरीही अडीच मिमीच्या वर आता जात नाही. खोल जायचं असेल तर टिपेट लांब आणि बारीक करतो, बारीक दोरा पाणी कापत पटकन बुडतो.

आता ते ज्यावर आमच्या दोस्तांत सगळ्यात जास्त वाद होतो. हलका रॉड म्हणजे माशाला उगाच दमवून मारणं, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटायचं पण आणि नाही पण, म्हणून एका रविवारी लाईनच्या टोकाला स्प्रिंगचा काटा बांधला, दुसऱ्याला धरायला लावला आणि मासा लागल्यासारखा ओढला. रॉड उभा आकाशाकडं धरून जीव खाऊन ओढलं तर काट्यावर पाव किलो! तोच रॉड खाली आडवा धरला, वाक मुठीजवळच्या जाड भागात आणला, तर सहाशे ग्रॅमच्या वर. मग ५ वेट काढून तसाच उभा धरला, तर तोही काही फार पुढं गेला नाही. ५एक्स नायलॉन साधारण दोन किलोला तुटतं, म्हणजे स्थिर ओढीनं मी ते तोडूच शकत नव्हतो, तुटतं ते झटक्यानं नाहीतर वाईट गाठीनं. म्हणजे रॉड उभा धरून फोटोसारखी कमान करत बसलं की मासा दमतो, त्याचा दोष ३ वेटवर. त्या दिवसापासून मी रॉड खाली, बाजूला, मासा जातो त्याच्या उलट दिशेला धरतो, ४१ सेंटीमीटरचा रेनबो ट्राऊट तीनदा उड्या मारूनही दोन मिनिटांच्या आत नेटमध्ये आला. हात ओला करून धरला (कोरड्या हातानं अंगावरचा चिकट थर जातो आणि मग तिथं बुरशी धरते), बार्ब (टोकाचा उलटा काटा) चेपलेला गळ बोटानं निघाला, गेला.

उन्हाळ्यात पाणी २० अंशांवर गेलं तसं ट्राऊट बंद केले. गरम पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी असतो, मासा लढाईतून सावरत नाही, सोडल्यावर पोहत गेलेला दिसतो आणि तासाभरानं उलटा तरंगतो. थर्मामीटर खिशातच असतो आता.

त्यामुळं दुसऱ्या माशांकडं वळलो, आणि हे आधीच करायला हवं होतं. चब! झाडाखालच्या संथ पाण्यात, वरून काहीही पडलं की धावत येतो, बीटल, टोळ, एकदा तर माझी नुसती गाठ चोखून गेला. १० नंबरची फोमची बीटल जरा आपटूनच टाकायची, ट्राऊटवाल्या सगळ्या नाजूकपणाच्या उलट. तोंड एवढं मोठं की वाटतं फ्लाय गिळून पोटात गेली. पण घाबरट भलता, सावली पडली की अख्खी टोळी गायब, म्हणून मी गुडघ्यावर बसून टाकायचो, पँटचे हाल. पर्च पण लागले, छोट्या स्ट्रीमरवर (बारक्या माशासारखी दिसणारी फ्लाय), ओढायची लय बदलत ठेवली तर. तळहाताएवढा पर्च ह्या रॉडवर असं डोकं हलवतो की बाजूचा माणूस विचारतो काय मोठं लागलं का.

आणि मग कार्प. लव्हाळ्याच्या कडेला शेपूट वर करून चरत होता, अंदाजे तीन साडेतीन किलोचा, मी निम्फ त्याच्या नाकापुढं वीतभर टाकली, थोडी बुडू दिली, त्यानं डोकं वळवलं, मी उचललं आणि पुढचं सगळं पाच सेकंदांत. त्यानं धावच मारली ती लव्हाळ्यात, क्लिक पॉलचा (दातेरी साध्या ब्रेकचा) रील किंचाळला, मी रॉड बाजूला दाबून त्याला वळवायला बघतोय आणि रॉड नुसता वाकतोय वाकतोय, मुठीत वळवायची ताकदच नाही. टिपेट लव्हाळ्यात अडकून तुटलं. मोकळं पाणी असतं तर मी त्याला बॅकिंगवर (रीलवर लाईनच्या मागं गुंडाळलेल्या जादा दोऱ्यावर) पळू दिला असता आणि बहुतेक काढला असता, पण अडचणीच्या जागी मासा थांबवावा लागतो आणि तिथं ही काडी उपयोगाची नाही. गळ तोंडात घेऊन गेला तो, हे अजून टोचतं. लव्हाळ्याजवळ कार्पवर ३ वेट परत नेणार नाही, तिथं ५ पण कमीच पडेल.

सध्या पाणी परत ११ वर आलंय पण ब्राऊनची अंडी घालायची वेळ जवळ आलीय. खळाळात कुठं गोटे घासून पुसून काढल्यासारखा फिकट चकचकीत पट्टा दिसला तर तिथं पाय ठेवू नका, ते घरटं असतं, अंडी खडीच्या खाली असतात. मी तर नदीच सोडलीय तोवर. लाईन कोमट पाण्यात धुऊन मोकळ्या वेटोळ्यांत टांगलीय, टीपच्या गाईडवर (लाईन जाते त्या कडीवर) नख फिरवून बघितलं तर बारीक खाच लागली, ती बदलायची आहे नाहीतर नवीन लाईन सोलून काढेल. आणि पर्चसाठी १० नंबरच्या गळावर स्ट्रीमर बांधायला घेतलेत, आठ झाले, त्यातले तीन दाखवण्यासारखे आहेत.