पाचशे ग्रॅमचे वजन आणि माझे बोट

नेमबाजीतले दहा मीटर एअर पिस्तूल मी वयाच्या चौतिसाव्या वर्षी हातात घेतले. प्रशिक्षण, पिस्तुलाची खरेदी हे सगळे बिनबोभाट पार पडले; घोडे अडले ते ट्रिगरपाशी. मी उजव्या हाताने नेम धरतो आणि माझे निम्मे शॉट खाली डावीकडे, घड्याळातल्या सातच्या दिशेला जात. दहा गुणांचे वर्तुळ अवघे 11.5 मिलिमीटरचे, त्यामुळे बोटाची जराशी घाईही लपत नाही.

दोष ट्रिगरच्या जडपणाचा आहे असा सोयीस्कर समज करून घेऊन मी त्याचा स्क्रू थोडाथोडा सैल करत गेलो. स्पर्धेत ट्रिगरने किमान 500 ग्रॅमचा भार पेलला पाहिजे, हा नियम मला ठाऊक होता. पण थोडे इकडेतिकडे चालून जाईल, असे मी गृहीत धरले.

स्पर्धेच्या सकाळी तपासणीला एकच टेबल, एकच पंच आणि एकच वजन होते. पाऊण तास रांगेत उभे राहिल्यावर पंचांनी पिस्तूल कॉक करून, म्हणजे झाडायला सज्ज करून, नळी सरळ वर धरली, ट्रिगरला वजन अडकवले आणि ते टेबलावरून अलगद उचलायला सुरुवात केली. वजन पुरते हवेत येण्याआधीच ‘टक्’ असा आवाज होऊन ट्रिगर सुटला. त्यांनी पुन्हा उचलले, पुन्हा टक्. “ॲडजस्ट करून या,” एवढेच ते म्हणाले, आणि मी रांगेच्या शेवटी गेलो. स्क्रू फिरवायची ॲलन की घरी राहिली होती, ती एका शाळकरी मुलीकडून मागून घेतली. स्क्रू पाव फेरा आवळला, पण तो पुरेसा आहे की नाही हे कळायला मार्गच नव्हता, कारण वजन टेबलावर आणि मी त्याच्यापासून वीस माणसे दूर. बाहेर एक जादा वजन ठेवले असते तर आमची निम्मी रांग ओसरली असती, हे मला आजही खटकते. दुसऱ्या खेपेलाही टक्. तिसऱ्या खेपेला वजन वर आले आणि लोंबकळत राहिले, तेव्हा सरावाच्या पंधरा मिनिटांपैकी नऊ संपली होती.

त्या दिवशी साठ शॉटमध्ये 503 गुण झाले. जड ट्रिगरने माझे झटके उघडे पाडले. हलक्या ट्रिगरवर ते नुसते झाकले गेले होते.

पुढचे चार महिने मी रोज वीस मिनिटे कोऱ्या भिंतीसमोर ड्राय फायरिंग, म्हणजे छर्रा न घालता ट्रिगर दाबण्याचा सराव, केला. समोर टार्गेट नसले की नजर फ्रंट साइटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या माशीवरच राहते, आणि टक् होताना ती साइट बुडाली तर चूक बोटाची, हे तिथल्या तिथे दिसते. हात कधीच पूर्ण स्थिर होत नाही. तो स्थिर होण्याची वाट पाहून दहा ‘पकडायला’ गेलो की झटका बसतो, म्हणून साइट डुलत असतानाच दाब एकसारखा वाढवत न्यावा लागतो. आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर मी हात खाली घेतो. हे अंगवळणी पडायलाच मला सर्वांत जास्त वेळ लागला. बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भागच ट्रिगरवर असावा आणि बाकीचे बोट ग्रिपला टेकू नये. आणखी एक, जे खरे तर आधी लिहायला हवे होते : ड्राय फायरिंगपूर्वी पिस्तूल रिकामे असल्याची खात्री दर वेळी करावी.

पुढच्या स्पर्धेत 538 झाले. त्याआधी वाण्याकडून अर्ध्या किलोचे जुने वजन आणून त्याला तारेचा आकडा जोडला होता. आकड्यासह ते 509 ग्रॅम भरते. ॲलन कीसोबत ते आता किटमध्येच असते, आणि रांगेत कोणी मागितले तर मी देतो.