रुग्णवाहिका वाट बघत राहिली

शेवटच्या सेमिस्टरला मी रोबोकप रेस्क्यूची छोटी नक्कल करायला घेतली. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर जपानमध्ये सुचलेली ही बचावकार्याची स्पर्धा. नकाशावर कोसळलेलं शहर. त्यात अग्निशमन, पोलीस आणि रुग्णवाहिका असे एजंट, म्हणजे आपापले निर्णय घेणारे छोटे प्रोग्रॅम. प्रत्येकाला दिसतं ते आपल्या आसपासचंच. बाकीचं एकमेकांना सांगूनच कळायचं.

जेड वापरलं, एजंट लिहायचं जावातलं तयार सॉफ्टवेअर. कामवाटपाला कॉन्ट्रॅक्ट नेट, रीड स्मिथची १९८० ची पद्धत. आपलं टेंडरच ते! रुग्णवाहिका विचारते, 'या गल्लीतला ढिगारा कोण उपसतंय?' पोलीस अंतर बघून बोली लावतात, जवळच्याला काम मिळतं. आठवड्यात चालू झालं, मी खूश.

मग एका रनमध्ये सगळं थिजलं. गल्लीच्या तोंडाशी रुग्णवाहिका उभी, आत गाडलेल्या माणसाचा हेल्थचा आकडा घसरतोय. दोन रात्री एरर शोधली. एरर नव्हतीच. काम घेतलेला पोलीस वाटेतल्या आगीत निकामी झाला होता आणि रुग्णवाहिका ब्लॉकिंगरिसीव्हमध्ये, म्हणजे निरोप येईपर्यंत थांबवून ठेवणाऱ्या कमांडमध्ये बसली होती, टाइमआउट (थांबायची मुदत) न लावता.

मॅडमनी स्क्रीन बघून एवढंच विचारलं, "तो येणार नाही हे तिला सांगणार कोण?" आणि एजंटांच्या संघकामावर संशोधन करणाऱ्या मिलिंद तांबे यांचा १९९७ चा पेपर वाचायला दिला. त्यात सिम्युलेशनमधली हेलिकॉप्टरं पुढे गेलेल्या टेहळ्याच्या निरोपासाठी थांबून राहतात. तो केव्हाच टेकडीवर आपटलेला असतो. वाचून हसू आलं, धीरही आला.

टाइमआउट घातला, तर नुसता उशीर झालेल्या पोलिसाच्या जागी दुसरा निघायचा आणि दोघं एकाच ढिगाऱ्यावर. मग कोहेन-लेवेक या संशोधकांचा संघकामाचा नियम लावला: काम झालं, होणं शक्य नाही, किंवा त्याची गरजच उरली नाही, हे ज्याला कळेल त्याने सोबत्यांना कळवायचं. 'गरज उरली नाही' हे मी आधी धरलंच नव्हतं. आतला माणूस दगावल्यावरही पोलीस गल्ली उपसत राहायचे.

आता निरोपांचा पूर आला. दर फेरीला मोजकेच संदेश जातात, त्यात नेमका 'मी अडकलोय' गळायचा. शेवटी सोबत्याला स्वतः दिसतंय ते कळवायचं नाही, असं ठरवलं. तांब्यांच्या 'स्टीम' या संघकामाच्या प्रणालीत कळवण्याचा खर्च आणि न कळवल्याचा तोटा तोलतात. माझं आपलं ढोबळ काम.

व्हायव्हात बाहेरच्या सरांनी विचारलं, "निकामी झालेला एजंट कळवणार कसा?" टाइमआउट मी काढून टाकला नव्हता, म्हणून वाचले.