आरोपी व्हीसीवर हजर

मी वकील, लीगल एडच्या, म्हणजे आरोपीला मोफत वकील मिळतो त्या केसेस करते, त्यामुळे जेलमधल्या पक्षकाराशी बोलायला मिळतं ते बऱ्याचदा गार्ड त्याला कोर्टात आणतात तेव्हा, पिंजऱ्यापाशी, तेही घाईघाईत. चाकू दाखवून लुटल्याची एक केस होती सेशन्स कोर्टाला. फिर्यादीची साक्ष लागलेली, बिचारा लांबून आलेला, आणि गार्ड नाही म्हणून आरोपीला आणलंच नाही. सरकारी वकील म्हणाले व्हीसीवर, म्हणजे जेलमधून व्हिडिओ कॉलवर, घेऊन टाकू.

स्क्रीनवर एवढासा चौकोन, आमचा पोरगा ओठ हलवतोय पण आवाज नाही कारण तिकडून म्यूट, मागे बाकीचे कैदी आपापल्या नंबरची वाट बघत उभे. जज साहेब म्हणाले दिसतोय की, रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) लिहू व्हीसीद्वारे हजर. मी हरकत घेतली. जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम २७३, आता त्याजागी आलेल्या बीएनएसएसचं ३०८, पुरावा आरोपीच्या समक्षच घ्यायचा. सरकारी वकिलांनी लगेच प्रफुल्ल देसाई केसचा सुप्रीम कोर्टाचा २००३ चा निकाल काढला, की व्हीसीवरही समक्षच धरतात. मान्य, पण त्यात अमेरिकेतला डॉक्टर साक्षीदार स्क्रीनवर होता हो, इथे आरोपीच स्क्रीनवर, तोही मुका, मला कानात काय सांगणार तो? साहेबांना पटलं (ते ऐकून घेतात, सगळे घेत नाहीत). फिर्यादीला भत्ता देऊन पुढची तारीख दिली. तो माझ्यावर वैतागला, त्याचंही काही चूक नाही.

पुढच्या तारखेला आणलं. सरतपासणीत, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना, फिर्यादी म्हणाला आरोपीला आधी कधीच पाहिलं नव्हतं, ओळखपरेडमध्ये (आरोपीला डमी माणसांत उभं करून ओळखायला लावतात ती) बरोबर ओळखलं. मागून आमचा पोरगा हातवारे करायला लागला, परवानगी घेऊन जवळ गेले तर कुजबुजला, "मॅडम, हे तर आमच्या रिक्षा स्टँडवरचे दाजी, यांच्या मेव्हण्याचे पैसे आहेत माझ्याकडे." चार्जशीटमधल्या नावावरून त्याला काही कळलंच नव्हतं, स्टँडवर सगळे दाजीच म्हणायचे, चेहरा बघितला तेव्हा पेटली. आणि ओळखपरेड असते अनोळखी माणसासाठी, रोज बघितलेल्याला डमींमधून उचलण्यात काय ते!

मग माझी उलटतपासणी, त्यात पहिलंच विचारलं, तुम्हाला स्टँडवर दाजी म्हणतात का? हो म्हणाला. आरोपी तिथेच रिक्षा लावायचा ना? बराच वेळ गप्प, मग "तोंडओळख असेल." साहेबांनी तेच शब्द टाईप करून घेतले.

पोरगा निर्दोष आहे असं मी म्हणत नाहीये, ते निकालात कळेल. पुढच्या तारखेला तपासी अंमलदारांची (तपास करणारे पोलीस) साक्ष आहे, आरोपीला प्रत्यक्ष हजर करा असा अर्ज आत्ताच देऊन ठेवलाय.