शीवचा किल्ला, म्हणजे खरं तर टेकडीवरची बाग

सायन, म्हणजेच शीव स्टेशनला उतरलं की चालत पोचता येतं, तरी आपल्यातले निम्मे लोक हा किल्ला फक्त लोकलच्या खिडकीतूनच ओळखतात. १६६९ ते १६७७ च्या दरम्यान, जेरार्ड आंजियर गव्हर्नर असताना, ईस्ट इंडिया कंपनीने बांधला हा. इकडे परळचं बेट इंग्रजांचं, खाडीपलीकडे साष्टी पोर्तुगीजांची, म्हणजे हा सरळसरळ बॉर्डरवरचा पहारा, शेजाऱ्यावर डोळा ठेवायला.

आता पायथ्याशी नेहरू उद्यान आहे, सकाळी वॉकवाले काका-काकू, पोरांची दंगामस्ती, आणि जरा वर चढलं की झाडांच्या आडोशाला कॉलेजची कपल्स, त्यांना कुठे जागा आहे हो या मुंबईत, बसू दे की. वर फक्त पडक्या भिंती उरल्यात, राजगड-रायगड डोक्यात ठेवून गेलात तर निराश व्हाल. पण वारा मस्त लागतो आणि पूर्वेला मिठागरं अन् ठाण्याची खाडी दिसते, मला तरी ती गर्दीच्या बँडस्टँडपेक्षा जास्त आवडते. भिंतींवर नावं कोरणाऱ्यांना मात्र खरंच दंड करायला पाहिजे, ग्रेड वन हेरिटेज आहे राव ते!

पाणी सोबत घ्या, आणि उन्हाळ्यात दुपारी अजिबात जाऊ नका.